वाडीवर न गेलेला निरोप

बाई, काल नातीच्या शाळेतून कागद आला. गुळगुळीत, छापील, वरती फुगे काढलेले. ती वाचत होती आणि मी तांदूळ निवडत होते. हिवाळ्यातल्या बातम्या आणि येणारे कार्यक्रम, असं त्याचं नाव म्हणे. पहिलीच्या पोरांनी मुळे लावले, त्याला पाला आला. पुढच्या आठवड्यात दाताचे डॉक्टर येणार, मग धावायच्या शर्यती, मग संमेलन आणि महिनाअखेरीला सहल. सहलीपाशी आली तसा माझा हात सुपात थांबला. ती म्हणाली, "काय झालं गं आजी?" मी म्हटलं, "काही नाही, खडा लागला." खडा कुठला, बाजारात आता पॉलिशचा तांदूळ मिळतो. पण खोटं बोलायला मला फार वेळ लागत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तेच आज सांगायला बसलेय. मी बोलते, ही लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर तिच्या, बाकीच्या सगळ्या माझ्या.

आपल्या शाळेला कुठले आले फुगे. दोन खोल्या, एक ओटी आणि ओटीवर तो फळा. दिवाळीची सुट्टी संपली की तुम्ही अंगात तो बिनबाह्यांचा स्वेटर चढवायच्या, तो होळीला उतरायचा. मग रंगीत खडू घेऊन फळ्यावर हिवाळ्याच्या बातम्या लिहायच्या, खडू अंबाड्यात खोचायच्या आणि शाळाभर खडू शोधत फिरायच्या. पोरं तोंड दाबून हसायची. मी सांगायची नाही, तेवढीच करमणूक. पण बातम्या वाचणार कोण? पोरांच्या आयांची आणि अक्षरांची गाठच पडलेली नव्हती, माझ्यासारखीच. म्हणून तुम्ही मला फळ्यासमोर उभं करून एकदा वाचून दाखवायच्या आणि मी ते जसंच्या तसं घेऊन घरोघर जायची. आधी गाव, मग कंपनीच्या साहेबलोकांची कॉलनी, शेवटी डोंगरावरची वाडी. तुम्ही म्हणायच्या, "मावशी, तुमचं डोकं म्हणजे टेपरेकॉर्डर आहे." मी म्हणायची, "टेपला चहा लागत नाही बाई, मला लागतो." शिपाईण म्हणून मी घंटा द्यायची, पाणी भरायची, झाडायची, पण खरी ऐट होती ती या निरोपाची. मी सांगितलं म्हणजे शाळेनं सांगितलं.

त्या वर्षी सहल ठरली जांभूळच्या पाण्याच्या कारखान्यावर. धरणाचं पाणी तिथं कसं धुतात ते पोरांना दाखवायचं, मग झाडाखाली बसून जेवायचं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका शेठचा टेम्पो फुकट मिळणार होता, जीनच्या पँटी वाहायचा. दिवस ठरला शुक्रवार. आणि बुधवारी दुपारी त्याचा ड्रायव्हर सायकलवर हाशहुश करत आला. "मॅडम, शुक्रवार को माल निकलता है. कल चलो, नहीं तो अगले महीने." तुम्ही कपाळाला हात लावलात, मग मला हाक मारलीत. "मावशी, सगळीकडे सांगून या. सहल उद्या. सकाळी सात. डबा आणायचा. आणि वाडीवर नक्की जा हं, भाताच्या झोडणीसाठी त्यांची मुलं आज शाळेत नाहीत. त्यांना तुमच्याशिवाय कळायचं नाही." शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. मला आजही तुमच्याच आवाजात ऐकू येतं.

गावात सांगितलं. कॉलनीत सांगितलं. कॉलनीतल्या शेवटच्या घरी मोठ्या साहेबांच्या बायकोनं धरून ठेवलं. तिची लेक बाळंतपणाला आलेली, परातीत डिंकाच्या लाडवांचं सारण पसरलेलं आणि त्या बाईला एक लाडू वळता येईना. हातात घेतला की भुगा. म्हणाली, "मावशी, तुम्हीच करू जाणे." बस्स, एवढं म्हटलं की मी बसलेच. गरम तुपाचा वास, स्वयंपाकघरात ऊब, कुणीतरी माझं कौतुक करतंय. साठ-सत्तर तरी वळले असतील. बाहेर आले तेव्हा दिवेलागण होत होती आणि वाडीच्या वाटेवर नुसता गारठा उतरला होता. पदरात दोन लाडू होते. मी वाडीकडे बघितलं, वाडीनं माझ्याकडे. म्हटलं, कुणीतरी बाजाराहून वर जाईल, तो सांगेल. कोण तो, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. घरी जाऊन एक लाडू खाल्ला. चांगला झाला होता, ते तरी का लपवू.

गुरुवारी टेम्पो उभा आहे, पोरं आत चढलीत, गाणी सुरू झालीत. वाडीचं एकही पोर नाही. तुम्ही घड्याळ बघता, वाटेकडे बघता, पुन्हा घड्याळ बघता. "मावशी, सांगितलंत ना?" मी म्हणते, "सांगितलं की. झोडणी सोडून कोण येतंय." ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. टेम्पो जातो. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? तुम्ही चार शब्द बोलला असतात, झालंच तर रुसला असतात. पण ऐट होती ना.

शुक्रवारी सहलीचा शीण म्हणून पोरांना सुट्टी होती. तुम्ही तेवढ्या कागदपत्रं करायला येणार होतात. त्याआधीच, भल्या सकाळी, वाडीची अकरा पोरं आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, फडक्यात भाकरी बांधून शाळेच्या ओटीवर येऊन बसली होती. हे मला मागाहून कळलं. दाराला कुलूप. ऊन ओटीवर येईपर्यंत वाट बघितली आणि दहा जणं परत डोंगर चढली. अकरावी पोर गेली नाही. तिसरीतली. ती, जिला तुम्ही पुढच्या बाकावर बसवायच्या, कारण गणित सांगून व्हायच्या आत तिचं उत्तर यायचं.

अकराच्या सुमाराला तिची आई आली. पळत आली होती, पायाला ठेच लागून रक्त आलेलं. "बाय, पोर कुठं हाय माझी?" तुम्ही टेबलापाशी, मी दारात झाडू घेऊन. तुम्ही म्हणालात, "अगं, सहल तर काल झाली. परवाच निरोप पाठवला होता." ती म्हणाली, "निरोप नाय आला." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बाई, तेव्हा मी कानांवर हात ठेवले असते तरी भागलं असतं. पण मी म्हटलं, "हिला मी स्वतः सांगितलंय. दारात उभी होती, मान हलवली हिनं." इतकं बारीक सांगितलं की मलाच ती दारात उभी दिसली. तुम्ही कुणावर कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्या दिवशी चढवलात. "खोटं का बोलतेस? मजुरीसाठी मुलांना घरी ठेवायचं आणि वर शाळेचं नाव पुढं करायचं? लेकीचा तरी विचार कर!" ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, की मी असं का म्हणतेय.

मग आपण तिघी निघालो. परतलेल्या पोरांनी तिच्या आईला सांगितलं होतं, की पोर म्हणाली, मी नळाच्या कडेनं जाते, नळ पाण्याच्या कारखान्यातच जातो. धरणाचा तो मोठा नळ, पोरं त्यावर घोडा घोडा करायची. तुम्ही पुढे, साडीचा ओचा खोचलेला. ती मध्ये, लेकीला हाका मारत. मी मागे. गवत माणूसभर उंच, वाळलेलं. कुणी गुराखी दिसला की ती विचारायची, "पोर बघितली का, तांबडा झगा?" कुणी बघितलेली नाही. पुढे नळ ओढ्यावरून जातो. खाली दगड, वर नुसता गोल नळ, धरायला काही नाही. आणि नळ ओढ्यावर चढतो तिथं एक चप्पल. लहान, एकच. तिच्या आईनं ती उचलली आणि पदरानं पुसली. तुम्ही ओढ्यात उतरलात, चपलांसकट. वाकून वाकून पाण्यात बघत होतात. मी काठावर उभी, आणि बाई, तुम्हाला सांगते, मी देवाला पोर मागत नव्हते. मी मागत होते की मी बुधवारी वाडीवर गेलेली असू दे.

पोर सापडली. दुसरी चप्पल तिच्या हातात होती. नळावरून घसरतं म्हणून काढली, एक तिथंच विसरली. कारखान्याच्या फाटकापाशी वॉचमनच्या बाकावर बसलेली, मांडीवर भाकरीचं फडकं, गाठही सोडलेली नाही. वॉचमन म्हणाला, "नवापासून बसलीय. मी म्हटलं शाळा काल येऊन गेली, तर मलाच म्हणते, काका, तुम्ही चुकताय, आमची शाळा यायचीय अजून." तुम्ही तिला विचारलंत, "भाकरी का नाही खाल्लीस?" ती म्हणाली, "सगळ्यांनी बसून खायची ना?" आईनं तिला उचललं आणि वळून एकदाही न बघता चालायला लागली.

सोमवारी ती पोर आली नाही. त्या आठवड्यात नाही, महिन्यात नाही. तुम्ही दोनदा वाडीवर चढून गेलात. दुसऱ्यांदा आलात तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणालात, "तिची आई म्हणते, खोटारड्यांची पोर कशाला पाहिजे शाळेला. मावशी, लोक असे अडून का बसतात हो?" मी चहा ठेवला. आलं जास्त टाकलं. पुढच्या थंडीत तुम्ही मला राखाडी लोकरीचा स्वेटर विणून दिलात, माझ्या मापाचा, पूर्ण बाह्यांचा. "वाडीवर जाता ना संध्याकाळच्या, म्हणून." मी घातला, दहा वर्षं घातला. तुम्ही निवृत्त झालात, अंबरनाथला आजारी पडलात, मी भेटायला आले ती तोच घालून. तुम्ही बाही चाचपून म्हणालात, "टिकला की." तेव्हाही तोंड उघडलं नाही. तुम्हाला जाऊन आता सहा वर्षं झाली.

इथं नातीनं लिहायचं थांबवलं. म्हणते, "आजी, पण हे त्या बाईंना कशाला? त्या मुलीची आई जिवंत आहे ना?" म्हटलं, तू लिहायचं काम कर. पण आहे, बाई. जिवंत आहे. बदलापूरच्या बाजारात पोतं अंथरून भाजी विकायला बसते, केस पांढरे झालेत. लेकीचं लग्न लवकर झालं, दोन मुलं आहेत, तीही कधी कधी शेजारी बसते, हिशेब तीच करते, कागद नाही, पेन नाही, तोंडानं. दर हिवाळ्यात मी बाजारात जाते तेव्हा घरून ठरवून निघते की आज सांगायचं, आणि तशीच परत येते. म्हणून आधी तुम्हाला लिहून बघतेय. तुम्ही उलट काही विचारणार नाही, माझ्याकडे तसं बघणार नाही. पत्र पोस्टात टाकायचं नाही, टाकणार कुठे.

आज सकाळीही गेले होते. तिच्यासमोर उभी राहिले. तिनं वर बघितलं, ओळखलं आणि विचारलं, "काय पायजे, मावशे?"

मी म्हटलं, "पाव किलो मटार."