अर्धी घासलेली कढई

रविवार, सायंकाळ

स्वस्ति श्री. सकलगृहकृत्यपराङ्मुख, वसईपूर्वप्रांतभूषण, गृहनिर्माण संस्थेचे माजी सचिव, भावी वधूपिता अस्मादिक आज पुढील निर्णयाप्रत आले आहेत.

मेहुणा दिनकर त्याच्या नेटवर्क मार्केटिंग कंपनीचे भांडी घासायचे द्रव्य घेऊन आला. प्रात्यक्षिकार्थ त्याने आमची काळीकुट्ट कढई बरोब्बर अर्धी घासली. चकाकली, हे मान्य.

"भाऊजी, तुम्ही फक्त नातेवाईक जोडा. वर्षात डायमंड व्हाल!"

लाभ उघड होते. निवृत्तीनंतर उत्पन्न, शिवाय उपाधी. उपाधीसमोर माझे वैराग्य नेहमीच डळमळते. आणि हानी? ती दिनकरनेच हसत हसत कथन केली. परवा तो भुईगावला मावशीकडे गेला, तर खुद्द मावशीच आतून ओरडली, "घरात कोनी नाय!"

पुढल्या महिन्यात कन्येच्या विवाहाच्या अक्षता घेऊन मला याच दारांत उभे राहायचे आहे. आमच्यात मोबाइलवरचे आमंत्रण म्हणजे अपमान. दारेच मिटली तर मांडवात कोण? एकटा डायमंड?

"नाही," म्हटले. निःसंदिग्धपणे. किंचित भव्यही.

"बरं, लग्नानंतर विचारतो," दिनकर म्हणाला. खुशाल विचारावे. उत्तर सिद्ध आहे.

मात्र जाताना त्याने बाटली सोबत नेली. कढई ओट्यावर तशीच, अर्धी गोरी, अर्धी काळी. सौभाग्यवती म्हणतात, "नकार तुमचा, तर उरलेली अर्धीही तुमचीच."

तेही शिरोधार्य. पण या घरात घासणी कुठे ठेवतात, हे कोणी सांगेल तर शपथ.