सशाची पिशवी

आई, आज सकाळी आमच्या सशानं सांबार खाल्ला. तुझी नात आता त्याला कोथिंबीर म्हणते, पण खाल्ला. इतकं हलकं वाटतंय की तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

ससा म्हणते खरी, पण ती मादी निघाली. इतकी वर्षं आम्ही तिला 'बुवा' म्हणत होतो! उन्हाळ्यात तिच्या बसायच्या जागेवर लाल डाग दिसले. मी म्हटलं, बीट खाल्लं असेल. बीट बंद केलं तरी डाग थांबेनात, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. अमरावतीची डॉक्टरीणबाई पोट चाचपून म्हणाली, "बुवा कशाची, बाई आहे ही. वय झालं की सशांच्या माद्यांना पिशवीत गाठ होते, पुष्कळ जणींना होते. पिशवी काढावी लागेल." घरी आल्यावर शेजारच्या काकू ऐकून म्हणाल्या, "बाप्पा! आता सशाची बी पिशवी काढून राहिले?" मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

कारण मला अकोटचं स्वयंपाकघर दिसलं. तुझ्याही लुगड्यावर डाग दिसतात, तू ओट्याशी उभी आहेस, धण्याचं पाणी पितेस आणि म्हणतेस, "उन्हाळा बाधला मले." मग अकोल्याचा दवाखाना झाला. परतताना एसटीत बाबांनी आम्हाला बजावलं, "तिले रोगाचं नाव सांगायचं नाही." आपल्याकडची रीतच ती. कोणी सांगितलं नाही. तू अंथरुणावरून मलाच दटावायचीस, "काहून रडून राहिली वं? मेली नाही मी अजून."

माझ्याही तोंडाशी आलं होतं, लेकीला सांगावं की बुवाला गॅस झालाय. पण ती समोर बसून विचारत होती, "बुवा मरन का आई?" मग मी रोगाचं नाव घेऊन सगळं सांगितलं. "मरू शकते. पण एक्स-रेत फुफ्फुस साफ आहे, तिथवर पसरलं नाही. उद्या ऑपरेशन." ती खूप रडली, मग उठून सशाच्या पेटीत स्वतःची ओढणी अंथरली.

गाठ वाईटच निघाली, पण पिशवीबाहेर गेली नव्हती. तरी ऑपरेशननंतर ससा खाण्याला तोंडच लावेना. आज लेक ओरडली, "खाल्लं वं आई, खाल्लं!" आणि मी ओट्याला टेकून हुश्श केलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लेकीसमोर मी कॅन्सर हा शब्द सरळ बोलले. तुला लिहिताना मात्र, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी, आतापर्यंत गाठच लिहीत आले.