तुझ्या पोटातली माझी लेक

बोगोटा, ४ मार्च

प्रिय एल्विराताईस,
यानेतचा सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून पत्र. परवा तू हसत सांगितलंस, बाळ लाथा मारतंय, आणि मी फोन आपटला. काय करू? बीज माझं आणि रामीरोचं. मला गर्भाशयच उरलं नाही, म्हणून कूस तुझी. मी इथे बँकेत खुर्ची झिजवते आणि माझी लेक तुझ्याशी खेळते. अख्खं मोंपॉस म्हणे तुझ्या पोटावर हात ठेवून जातं. मासळीवालीसुद्धा! मी अजून नाही. तळलेले मासे जरा बेतानं खा.

रागावलीस तरी ताईपण सोडू नकोस.
तुझी यानेत

मोंपॉस, १९ मार्च

चि. यानेतला अनेक आशीर्वाद.

मासे बंद झाले, पण डॉक्टर अर्रिएतांच्या हुकमानं. माझं प्रेशर चढलंय, पाय सुजलेत, बाळ वाढीत मागे आहे. त्यांनी समजावलं ते असं. वार, म्हणजे प्लासेंटा, बाळाची असते. तिच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून माझ्या रक्तवाहिन्या रुंद करतात. माझ्या राखणदार पेशी त्यांना रसायनांतून निरोप धाडतात: आत या, आता पुरे. जास्त शिरल्या तर घात, आणि निरोपांचा मेळ चुकून कमी शिरल्या तर वार उथळ रुजते. आपलं बहुधा तसं झालंय.

कार्ताहेनाच्या मोठ्या इस्पितळात जातेय. घाबरू नकोस, माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

बोगोटा, २६ मार्च

ताई,

म्हणजे तुझ्या अंगानं माझ्या मुलीला आत येऊ दिलं नाही. स्वतःचे दोन मुलगे कसे गुटगुटीत वाढवलेस! ही परकी म्हणून अडवलीस का? रामीरो म्हणतो, असं लिहू नये. लिहिलं.
यानेत

कार्ताहेना, २ एप्रिल

चि. यानेत, अ. आ.

तुझं पत्र वाचून पुढ्यातला भात तसाच राहिला. डॉक्टरांना सरळ विचारलं, मी अडवलं का? म्हणाले, दुसरीचं बीज असलं की धोका थोडा वाढतो. पण हे स्वतःच्या बाळाच्या वेळीही होतं, आणि कुणाच्या मनावर नसतं. खरंच परकी मानली असती, तर एवढी टिकली नसती.

आणखी थांबलं तर दोघींच्या जिवावर बेतेल, म्हणून परवा पोट उघडणार आहेत. तू ये. तिला पहिल्यांदा तूच घे. मी तिकडे बघणार नाही.
तुझी ताई

मोंपॉस, २० जून

चि. यानेत, अ. आ.

इस्पितळातल्या काचपेटीतून बाहेर आल्यावर तुम्ही तिला नेलंत, त्याला महिना झाला. माझं प्रेशर उतरलं. दूध मात्र आटता आटेना; शेजारचं पोर रडलं की माझे कपडे भिजायचे. फोटो पाठवू नकोस. तिचं डोकं तुझ्या खांद्यावर बघितलं की माझा जळफळाट होतो. बाप्तिस्म्याला येणार नाही. आले तर तिला उचलून पळेन.
ताई

बोगोटा, २९ जून

ताईस सा. न. वि. वि.

काल ती रडायची थांबेना. शेवटी फोनमधला तुझा जुना निरोप लावला, त्यात तू नुसती रामीरोला विमानाची वेळ विचारतेस. ऐकून गप्प झाली, डोळे मोठे करून तुला शोधत राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

म्हणून सांगते, ये. उचलून पळ. पण अंधार पडायच्या आत परत आण. त्यापुढे मला सोसणार नाही.
यानेत