एक खडा खरा, एक काचेचा

॥ श्री ॥
मानवत,
दि. २१ नोव्हेंबर १९७४

ती. कुसुमताई यांस,
पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेलं लोणचं पोचलं. मला पाचवा लागल्यापासून बरणी टिकत नाही, आणि हे मला त्यावरून चिडवतात. मोंढ्यात नवी ज्वारी आली आहे, त्यामुळे ह्यांना जेवायला दुपार टळते.

ताई, एक सांगायचं आहे. तुमच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या थोरल्या सवतीच्या, सगुणाताईंच्या कुड्या लग्नात माझ्या कानात आल्या. त्यांतल्या डाव्या कुडीचं माणिक काळवंडलं आहे. सासूबाई म्हणतात, थोरली अजून घरातच हाय, तिला तुझ्या कानात ते बघवंना. दोन्ही कुड्या गंगाखेडला जाऊन गोदागंगेत सोड. गेलेल्या थोरलीच्या नावाचा चांदीचा टाक मी गळ्यात घालते, रोज पुजते. तरी दुपारी वेणी घालताना आरशात माझ्या मागं कुणीतरी उभं असतं. माझ्या तोंडाकडं बघत नाही, फक्त कानाकडं.

आणि त्यात त्यांची चूक नाही. लग्नाआधी एका संक्रांतीला मी त्यांना पाहिलं होतं. मोत्यांच्या मधोमध ते माणिक, डाळिंबाच्या दाण्यासारखं. त्या वाकून मला तिळगूळ देत होत्या आणि माझ्या मनात आलं, हे माझ्या कानात असावं. त्याच वर्षी त्या तापानं गेल्या. मग मला कुड्या मिळाल्या, घर मिळालं, नवरा मिळाला. माझीच नजर लागली, ताई. हे तुमच्याशिवाय कुणाला बोलले नाही. पोटातल्या जिवाची भीती वाटते.

आहे ती माया राहू द्यावी,
तुमची पंचफुला

---

राणीसावरगाव,
दि. २ डिसेंबर १९७४

चि. सौ. पंचफुला हिस,
कुसुमचे अ. उ. आ.

वेडी आहेस. नुसत्या नजरेनं माणसं मेली असती तर आमच्या गावात एक भाऊबंद उरला नसता.

आता त्या खड्याचं. आईकडे माणकांचा जोड एकच आणि लेकी दोन. तिनं काचेचे दोन खडे करवून घेतले आणि आम्हा दोघींना एक खडा खरा, एक काचेचा असे जोड दिले. काचेखाली तांबडा चमकीचा कागद असतो, न्हाताना ओल गेली की काळा पडतो. तुझा डावा खडा काचेचा, एवढंच. लहानपणी आम्ही कुड्या दुधाच्या वाटीत टाकून बघायचो. खरा खडा असला की दूध गुलाबी दिसायचं.

तरी सासूबाईंचं मन मोडू नको. त्या म्हणतात तर दोन्ही कुड्या गंगेत सोड, आणि लवकर सोड. सोनाराला मात्र दाखवू नको. हे लोक डोळ्यांदेखत खडा बदलतात.

जिवाला जप. लोभ आहेच.
कुसुमबाई

---

मानवत,
दि. १९ डिसेंबर १९७४

ती. कुसुमताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रानं फार हलकं वाटलं. एक खडा खरा आहे, तेवढं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मग आठ दिवसांत उजवा खडाही काळवंडला. मी दुधाची वाटी घेतली. दोन्ही कुड्या टाकल्या, दूध पांढरंच राहिलं. सासूबाई मागंच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग खरा कुटं गेला, तुझ्या बापाच्या घरी का?

संक्रांत झाली की हे मला बाळंतपणासाठी माहेरी नेऊन घालणार आहेत. परत आणायचं नंतर बघू म्हणतात.

मला वाटतं, सगुणाताईंनीच आपला खडा परत नेला. ज्याचं त्याच्याकडं गेलं, माझं काही म्हणणं नाही. फक्त बाळाला ह्या घरचं म्हणतील ना, एवढंच मनात येत राहतं. काल आरशात त्या दिसल्या नाहीत, तर मलाच चुकल्यासारखं झालं.

विसरू नये,
पंचफुला

---

राणीसावरगाव,
दि. २९ डिसेंबर १९७४

चि. सौ. पंचफुला हिस,
अ. उ. आ. ते घ्यायचे की नाही, पत्र वाचून तूच ठरव.

खडा सगुणानं नेला नाही, मी नेला. ती गेली त्या दिवशी तिला आंघोळ मी घातली, अंगावरचे दागिने मीच उतरवले. बाकीच्या बायका पाणी आणायला गेल्या होत्या. मी तिची खरी कुडी माझ्या कानात घातली आणि माझी काचेची तिच्या जोडीत ठेवली. लहानपणापासून वाटायचं, मी थोरली, जोड माझा. तापानं तिचा कान अजून कोमट होता.

दोन वर्षांत त्या कुड्या मी तीनदा घातल्या. आरशात बघितलं की सगुणा दिसते. नाकडोळे आमचे सारखेच, म्हणून मनाची समजूत घालत आले. तुला गंगेत सोड म्हणाले ते भक्तीनं नाही, भीतीनं. आणि माझं पाप तू आपल्या नजरेवर घेऊन बसलीस. हे मला सहन होईना.

कुड्या घेऊन आमचे हे, व्यंकटराव, येत आहेत. त्यांना सगळं सांगितलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. हे पत्र तुझ्या ह्यांना, दत्तरावांना, आणि सासूबाईंना वाचून दाखव. दोन्ही कुड्या तूच ठेव. पुन्हा पत्र आलं नाही तरी मी समजेन.

लोभ मागायला तोंड नाही.
कुसुम

---

मानवत,
दि. १४ एप्रिल १९७५

ती. कुसुमताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. बाळंतपण इथंच झालं. तुमचं पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी सासूबाईंनी मला पुढ्यात बसवून माझी वेणी घातली. त्यानंतर माहेरी धाडायचा विषय निघाला नाही.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग होता, आणि तो लय होता. परवा दोन्ही खरी माणकं दुधात ठेवली. वाटी अशी गुलाबी झाली की मी बघतच राहिले, आणि मला ती माणकं पुन्हा हवीशी वाटली. तेव्हा राग गेला. आपण दोघींनी एकाच कानाकडं पाहिलं, ताई. मी लांबून, तुम्ही जवळून.

काचेखाली नवा कागद घालून घेतला आहे. तुमच्या आईंनी खडे वाटून दिले होते तसेच मी वाटले. एक खडा खरा, एक काचेचा, असा तुमचा जोड ह्यांच्याबरोबर पाठवते आहे. उन्हाळ्यात पोरीला बघायला याल तेव्हा घालूनच या. आणि लोणचं आणा.

लोभ होता तसाच असावा,
तुमची पंचफुला

ता. क. सगुणाताई अजून दुपारच्या येतात. आता मी त्यांना पाट मांडते. तुमच्याकडं आल्या तर तुम्हीही मांडा. उभं राहून त्यांचे पाय दुखत असतील.