गडासारखा भक्कम

श्रीमान बुर्कहार्ट यांस,

आपल्या लेकीला, उटेला मुलगा झाला, तर तू लाकडी पाटी पाठवलीस. वर तुझंच नाव आणि खाली अर्थ कोरलेला: 'बुर्ग म्हणजे गड, हार्ट म्हणजे कणखर.' बाळाचं नाव हेच ठेवा म्हणे! तीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला तू हेच ऐकवत आलास.

एल्बे नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा हा गड कुठे होता? पोस्टाच्या तिकिटांचे आल्बम गाडीत घालून सगळ्यांच्या आधी टेकडीवर! तुझी जन्मदाती आई माडीवर राहिली. मी आणि शेजारच्या इल्झेने त्यांना खुर्चीसकट उचलून कंबरभर पाण्यातून होडीत बसवलं. संध्याकाळी तू म्हणालास, "मला वाटलं, तू आणशीलच." त्या दिवशी मी तुला सोडलं, आईंना नाही.

पाटी वाचून उटेने आजीला विचारलं, "खरंच अर्थ बघून ठेवलंस बाबांचं नाव?"

"छे गं! बिअरची गाडी ओढणारा घोडा होता, बुर्कहार्ट नावाचा. विजा कडाडल्या तरी जागचा हलायचा नाही. फार आवडायचा मला."

आम्ही पोट धरधरून हसलो. नाव घोड्याने कमावलं, तू नुसतं मिरवलंस. बाळाचं नाव आम्ही एमिल ठेवलंय.

हे पत्र मात्र पेटीत टाकणार नाही. पाकिटावर तुझं नाव दिसलं, की आई लगेच विचारतील, "येतोय का गं तो?"

तुझी कुणीही नसलेली,
गिझेला