त्रिंबकमामांनी भरलेला क्लच

धारूर,
दि. ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप त्रिंबकमामा यांस,

परमेश्वरचा दंडवत. इकडं सगळे बरे हाईत. तुमी अन् मामी माजलगावात खुशाल असाल असं धरून चालतो. सोळा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, कुणी गेलेलं न्हाई. आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली, ते तुमच्या कानावर आलंच असंल.

फोन कावून केला न्हाई म्हणाल. दोनदा केला. तुमी हॅलो म्हणलात अन् मी ठेवून दिला.

काम असं हाय की आप्पांची गाडी मी परत उभी करायलोय. तीच, हैदराबादच्या नवाबाच्या घरातनं आणलेली, दोन सिटांची लाल विलायती. गाव जिला बुटकी म्हणायचं ती. तिचं इंजिन काढून आपण विहिरीतले दगड वर काढायच्या यारीवर चढवलं होतं. यारी बंद पडल्यापासून ते पत्र्याच्या शेडात पोत्याखाली पडून होतं. आता बीडहून बोअर करून आणलंय. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळी नवी. पिस्टन हुडकण्यातच आठ महिने गेले. योगिता, म्हंजे माझी बायको, म्हणती की एवढी मिन्नतवारी तिची कधी केली असती तर संसाराचं सोनं झालं असतं.

घाईचं कारण वेगळंच हाय. लखनदादाच्या सायलीचं लग्न महिन्याच्या शेवटी हाय, अन् वरात बुटकीतनंच काढायची असं दादानं मनात घेतलंय. तुमी गेलात तवा सायली पाच वर्षांची होती, आता नर्सिंग शिकून नोकरीला लागली. दादाचा जयपूर फूट आता अंगवळणी पडलाय, पिठाची गिरणी चांगली चालती. सुट्टीच्या दिवशी येऊन माझ्याजवळ खुर्ची टाकून बसतो अन् पाने पुसून देतो.

तर अडचण सांगतो. गिअरबॉक्स मी आधीच गाडीत बसवून घेतला. तीन दिवस झाले, इंजिन चेनपुलीला लावून वरनं सोडतोय. निम्मं बेतानं जातं, सरळ जातं, अन् गिअरबॉक्सपासून दोन बोटांवर येऊन अडतं. पुढं सरकंना. जॅक वरखाली करून बघितला, टॉपचा गिअर टाकून मागचं चाक फिरवलं, मोबाइलवर चार गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितले. चौघं चार गोष्टी सांगतेत. बोल्ट आवळून ओढून घ्यावं तर हाऊसिंग फुटंल अशी भीती. ट्रॅक्टरचे क्लच मी डोळे झाकून भरतो, अन् हितं घोडं कुठं पेंड खातंय तेच कळंना.

क्लचप्लेट मधोमध बसली नसंल, असं तुमी म्हणाल. माझाबी अंदाज तोच हाय. प्लेट मधोमध धरायला तुमी बाभळीचं लाकूड तासून डमी केली होती, ती जपून ठेवली असली तर पाठवून द्यावी. नसली तर जाडी कळवा, मी करून घेतो.

प्लेट कोणती घातली, असं तुमी विचाराल. ते नंतर लिहितो. योगिता जेवायला हाक मारायली.

जेवण झालं. 

मामा, प्लेट जुनीच हाय.

तुमी मिस्त्री हाव, तुमाला एवढ्यात कळलं असंल. तरी लिहितो, कारण लिहिल्याबिगर मला पटंना. दादाचा पाय गेला त्या दिवसानंतर ते इंजिन कुणी चालू केलं न्हाई. आप्पांनी चावी खिशात घातली अन् पोतं टाकलं. बीडला इंजिन नेताना क्लच न बघताच बांधून ठेवला होता, म्हंजे गेल्या आठवड्यात मी तो सोडला तवा आतलं सगळं त्या दिवशी होतं तसंच होतं. प्लेट जळालेली न्हाई, तेल लागलेलं न्हाई, रिबिटं अजून खोल हाईत, अस्तर जाडजूड हाय. कडेला तुमी पंचनं मारलेलं 'त्रिं' स्वच्छ वाचता येतंय. अजून दहा वर्षं चालली असती.

मग त्या दिवशी क्लच सुटला कसा?

मी यारीवर बसलो होतो. दादा खाली विहिरीत, दगडानं भरलेली बादली निम्म्या वाटंवर. तेवढ्यात पुण्याचा एक माणूस बुटकी बघायला आला अन् चिंचंखाली तिचं रिकामं बॉनेट उघडून बघायला लागला. आप्पा त्याच्याशी हसून बोलत होते. गाडी इकायला काढली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला नीट दिसंना म्हणून मी सीटवरनं अर्धा उठलो. उठताना भार कशावर दिला? डावा पाय तर पेडलवर होता. भार तिथंच गेला असणार, क्लच दाबला गेला असणार, दोराचा ड्रम मोकळा झाला अन् बादली खाली दादाच्या पायावर गेली. ब्रेकवर पाय नव्हताच.

हे सगळं मी आता जुळवायलोय. त्या वक्ताला मी ओरडलो ते एवढंच, की क्लच सुटला. कावून ओरडलो मला माहीत न्हाई. तोंडातनं गेलं. माणसं धावली, दादाला वर काढलं, जीपमध्ये घातलं, अन् संध्याकाळपोतर सगळ्या गावाचं ठरून गेलं की त्रिंबक मिस्त्रीनं क्लच कच्चा भरला होता. तुमी आप्पांपुढं हात जोडले, एकदा खोलून बघू द्या म्हणलात. आप्पांनी तुमाला शेडात पाऊल टाकू दिलं न्हाई. मी तिथंच उभा होतो अन् मला बरं वाटलं, मामा. खोलणार न्हाईत म्हणून बरं वाटलं.

हितंच माझी अक्कल बंद पडती. बरं वाटलं म्हंजे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असतं तर मी गेल्या आठवड्यात एवढ्या हौसेनं प्लेट हातात घेतली असती का? मी तर ती जळालेलीच निघणार म्हणून नवी आणून ठेवली होती. मी खोटं बोललो का मला तसंच वाटलं, सोळा वर्षं ह्यातलं खरं काय होतं, मला सांगता येईना. पुढच्या महिन्यात तुमच्याकडं एक ट्रॅक्टर आला न्हाई. दिवाळीला तुमी घराला कुलूप घालून कारखान्याच्या गेटवर राखणीला गेलात. सामान भरलेला टेम्पो माझ्या शेडासमोरनं गेला, मी पाना शोधायच्या निमित्तानं आत गेलो. हे मात्र मला चांगलं आठवतं.

प्लेट परत चढवायच्या आधीच दादाला सांगितलं. म्हंजे मी सांगायच्या आधीच त्यानं पुसायला म्हणून प्लेट उचलली, उजेडात धरली, अंगठा फिरवला. त्याला मशिनीतलं कळतं. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् मी पेडलचं, चिंचंखालच्या माणसाचं, सगळं एका दमात बोलून गेलो. मला वाटलं पाना फेकून मारंल. त्यानं प्लेट फडक्यात गुंडाळून ठेवली अन् म्हणला,

"पाय माझा गेला, ते मी नशिबावर टाकलं बे. मामाचं गाव कावून घालवलंस तू?"

 तो चहा न घेता गेला.

दि. १० फेब्रुवारी

पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. इंजिन चेनला तसंच लटकतंय, ते खाली सोडायचं का वर घ्यायचं तेबी ठरंना. गाडी पुरी केली तर वाटतं मी जिंकलो, अर्धी ठेवली तर सायलीचं मन मोडतं.

आज सकाळी दादा आला. खुर्चीवर बसला न्हाई. म्हणला, गाडी वरातीला येईल, पण इंजिन मामाच्या हातानं बसलं तर, अन् गाव समोर उभं असताना. न्हाईतर सायली आपली रिक्षानं जाईल. एवढं बोलून लग्नपत्रिका माझ्या हातात दिली, तुमाला पाठवायला. ती सोबत जोडतोय.

पत्रिकेत मुलीचे काका म्हणून माझं नाव छापलेलं हाय. त्याच्यावर दादानं पेनानं रेघ मारलीय अन् वर तुमचं नाव लिहिलंय. खाडाखोड बघून छापणाऱ्याला दोष देऊ नका. सगळ्याच पत्रिकांवर रेघ मारली का ह्या एकीवरच, ते विचारायचा मला धीर झाला न्हाई.

येत्या रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या पारावर मी लोकांना सगळं सांगणार हाय. तुमी आलात तरी सांगणार अन् न आलात तरी. आलात तर लई बरं होईल असं लिहिणार होतो, पण कुणाला बरं, तुमाला का मलाच, ह्यातबी माझा गोंधळच हाय. मामींना नमस्कार सांगा. त्यांनी शिव्या दिल्या तर त्या माझ्यापोतर पोचू द्या.

तुमच्या हाताला खोटं नाव ठेवणारा,
परमेश्वर