बोलणारा भाग

अवसरी बुद्रुक

प्रिय पीयूष,

तुझे फोन येतात आणि मी "बरं आहे" एवढं म्हणून ठेवून देतो, त्याचा राग मानू नकोस. फोनवर हल्ली मला सरळ बोलता येत नाही. कागदावर जमेल असं वाटतं. तुझा प्रश्न एकच आहे: त्या दिवशी आपल्या यंत्रणेतला नेमका कोणता भाग चुकला? जुन्नरच्या पलीकडच्या वस्त्यांवर ती बसवण्याआधी तुला ते कळायला हवं. तुझा हक्कच आहे. उत्तर देतो, पण माझ्या पद्धतीनं, एकेक नट खोलत.

नारायणगावात तुझ्या वडिलांच्या, झुंबरशेठच्या, दुकानाशेजारी मी मोटारींचं वाइंडिंग करायचो, तेव्हापासून एक गोष्ट अंगात मुरलेली आहे. स्टार्टर वेगळा, मोटार वेगळी, पंप वेगळा. स्टार्टर जळाला तर स्टार्टर बदलायचा, मोटारीला हात लावायचा नाही. चाळिशी उलटल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघून मी प्रोग्रामिंग शिकलो, तेव्हा ती शिकवणारी पोरं 'मॉड्यूल मॉड्यूल' करत जे सांगत होती ते मला नवं नव्हतं, नाव तेवढं नवं होतं. तू इंजिनियर आणि मी बारावी नापास. तरी सगळं काही एकट्यानंच करणारं एक मोठं मॉडेल बसवायचा तुझा बेत मी मोडून काढला, आणि बरोबरच केलं असं आजही म्हणेन. आपण चार भाग केले. खांबावरचा कॅमेरा नुसता पाहील, मत देणार नाही. तुझा भाग ओळखेल, कुत्रं आहे, माणूस आहे की बिबट्या. माझा भाग ठरवेल, कोणत्या घराला काय सांगायचं. चौथा भाग घराघरातल्या स्पीकरच्या डब्यातून बोलेल. कुणी कुणाच्या पोटात बोट घालायचं नाही, निरोप फक्त पुढं द्यायचा. हे मी तुझ्या वहिनीला, मंगलला, समजावून सांगितलं, अशा हुशार प्रोग्रामला एजंट म्हणतात म्हणालो, तर भाकरी थापता थापता म्हणते कशी, "एजंट म्हंजी मार्केटातला दलालच ना वो? मग वाघाची दलाली सुरू केली म्हना की तुमी."

त्या चौथ्या भागासाठी तू मशीनचा आवाज आणला होतास. तो ऐकून आमचा शेजारी कुशाबा म्हणाला, "ह्ये पावणं कुठलं म्हनायचं?" मग मंगललाच माईकसमोर बसवली. तू लिहून आणलेली वाक्यं तिनं बाजूला सारली. "भाऊजी, 'सावधान' काय? लगीन लागतंय का हितं?" आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, तशीच ती बोलली: वाघ आलाय, गोठ्यामागं हाये, भायेर पडू नका कुनी. मग विहिरीपाशी, उसाच्या कडेला, पाणंदीत, अशी एकेक जागा तिनं म्हणून दिली. जागा सांगायचीच, हा हट्ट माझा. आधीच्या नुसत्या भोंग्याला लोक विटले होते, तो कुत्र्यालाही वाजायचा. नेमकी जागा कळली की माणसाचा विश्वास बसतो असं माझं म्हणणं होतं. तसा तो बसलाही.

पौषात आमच्या लगतचा ऊस तुटला आणि रान उघडं पडलं. त्या दिवशी दिवेलागणीला मी मंचरला होतो. कुशाबानं सांगितलेलं आणि यंत्रणेत नोंदलेलं, दोन्ही अगदी जुळतं. कॅमेऱ्यानं पाहिलं. तुझ्या भागानं ओळखलं, बिबट्याच, शंकेला जागा नाही. माझ्या भागानं वस्तीवरच्या आठही घरांना निरोप धाडला. आणि चौथा भाग मंगलच्याच आवाजात मंगलला म्हणाला, वाघ गोठ्यामागं हाये. गोठ्यात कालवड बांधलेली होती, चार दिवसांची. मंगल हातातल्या उलथण्यासकट तिकडं पळाली. पुढचं तुला ठाऊक आहे, तिच्या दहाव्याला तू आलाच होतास. कालवड वाचली.

त्यानंतर मी प्रत्येक भाग सुटा करून तपासला. तेच चित्रण पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. दर वेळी प्रत्येकानं आपलं काम चोख केलं. तुझ्या भागावर मला थोडा संशय होता, लपवत नाही. तोही खोटा निघाला. पीयूष, एक तरी चूक सापडली असती तर मी माणसात आलो असतो. चूक म्हणजे काय, खोलायचं, बदलायचं, परत बसवायचं. जन्मभर तेच केलं. इथं खोलायलाच काही नाही.

माणूस काय करेल याचा अंदाज घेणारा पाचवा भाग जोडू, असं तू म्हणतोस. मी वस्तीवर घरोघर विचारून आलो. कुशाबाची सून रुपाली तर माझ्यावर उखडलीच. "गोठ्यामागं म्हनल्यावर गोठ्याकडंच पळनार की मामा! बांधलेल्या जनावराला पळता येतं का? आपुन काय दार लावून बसायचं व्हय?" बाकीच्या घरांतही हेच. दावणीचं जनावर आधी, आपला उंबरा मग. जागा सांगितली तर लोक तिथंच पळणार, नाही सांगितली तर ऐकणारच नाहीत. तुझ्या पाचव्या भागाला हे सगळं उमगलं असं धरू. मग तो पुढं निरोप कोणता देईल? खोटी जागा सांगेल? एकदा ते खोटं उघडं पडलं की आपलाही भोंगा झाला. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की कोणताच भाग चुकला नाही. पलीकडं बसवायचं की नाही ते तू ठरव. मी रात्रंदिवस त्याच विचारात होतो, आता थकलो.

हे उत्तर मी फोनवर दोन वाक्यांत दिलं असतं. पत्र लिहायला बसलो ते वेगळ्या कामासाठी. डबे अजून चालू आहेत. मी काढायला निघालो होतो, वस्तीनं काढू दिले नाहीत. कारण असं की आता मंगलचा आवाज आला की कुणी गोठ्याकडं पळत नाही. रुपालीसुद्धा, एवढी माझ्याशी भांडली ती, पोराला उचलते, आत जाते आणि कडी लावते. दुसऱ्या कुणाचं ते ऐकतील असं मला वाटत नाही, म्हणून वस्तीवर आवाज हाच राहू दे. पण आठ डब्यांतला एक माझ्या घरात आहे. दिवेलागणीला मी एकटा स्वयंपाकाला लागतो आणि ती पाठीमागून सांगते, भायेर पडू नका कुनी. तेवढ्या एका घराचा आवाज बदलायचा आहे. एका ओळीचं काम, बाकी कशालाही धक्का लागत नाही, इतकं सुटसुटीत मी ते बांधलंय. रोज ती ओळ उघडतो, खोडायला जातो आणि तशीच मिटवतो. माझ्याच्यानं होत नाही. तिथून तू करून टाक, कुठलाही आवाज घाल, आणि केलंस ते मला कळवू नकोस. कुशाबाची आणि आमची भिंत एकच आहे. तिकडून ती ऐकू येत राहीलच, त्याला तुझ्याकडंही काही इलाज नसेल.

तुझाच, पण होता तसा न राहिलेला,
दादाभाऊ